गाठ कुणी मारली

त्या साली उसाची तोड सुरू झाली आणि त्याच आठवड्यात शाझलीचा निकाह लागला. घाई आईची होती. थोरला मुलगा खलफ आदल्या हंगामात कारखान्याच्या रेल्वेच्या, उसानं भरलेल्या वाघिणीखाली सापडून गेला. मागे राहिली त्याची बायको बसीमा, ऐन उमेदीत विधवा झालेली, आणि तिची चार वर्षांची शूक. सून माहेरी गेली की नात जाते, नातीमागून जमिनीचा तुकडा जातो. तेव्हा धाकट्याला कैरोच्या गवंडीकामावरून बोलावून घ्यायचं आणि भावजयीशी त्याचं लग्न लावायचं, हे गावाचं जुनं शहाणपण. शाझली हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. हातातलं घमेलं ठेवलं आणि गाडीत बसून आला.

विधवेचं लग्न, त्यामुळे ढोल नाही की बंदुकीचे बार नाहीत. आईनं खलफच्याच खोलीला चुना फासला, खलफच्याच लोखंडी पलंगावर नवी चादर घातली, शूकला आपल्या कुशीत घेऊन गेली आणि जाताना दार ओढून घेतलं. आत दोघं उभीच. बसीमा त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. ती या घरात आली तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटली होती. त्याच्या पायघोळ गलाबियाच्या फाटक्या बाह्या तिनं शिवल्या होत्या, तापात कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या होत्या. आता तिनं डोक्यावरचं काळं वस्त्र काढलं आणि हात कुठं ठेवावेत ते न कळून म्हणाली,

"दिवा बारीक करू का, भाऊ?"

सात वर्षांची जिभेची सवय. शब्द निसटला आणि दोघांनाही ऐकू आला. तिनं ओठ चावला. शाझली पलंगाच्या कडेवर बसला. पुढं जे करायचं ते त्यानं मनापासून करून पाहिलं, पण अंगातलं सगळं रक्त पावलांत उतरून बसल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग तर सूर्य कलायला लागला की त्याच्या पोटात गोळा उठायचा.

आईला गाव उम्म खलफ, म्हणजे खलफची आई, म्हणायचं. आईचं नाव थोरल्या मुलावरून पडतं आणि मुलगा गेला तरी ते बदलत नाही. उम्म खलफ सकाळी उंबऱ्यात बसायची, शाझलीकडं बघायची, मग बसीमाकडं. तोंडानं काही विचारायची नाही. नुसती हनुवटी वर करायची. शाझली मान खाली घालून बादली उचलायचा. मग ती चुलीकडं जाऊन भांडी आपटायची.

त्या घरात कबुतरांचा फडशा पडायला लागला. भात भरून भाजलेली दोन-दोन कबुतरं एकट्या शाझलीच्या ताटात. वर मध, वर हिरव्या जर्जीरच्या पाल्याची जुडी. "खा," आई म्हणायची, "तुझा बाप जुडीच्या जुडी खायचा."

"यम्मा, मी काय म्हशीचं रेडकू हाय?"

"रेडकू असतास तर बरं झालं असतं."

---

फडात ऊस डोक्याच्या वर उभा होता. पहाटेचं धुकं पाचटावर बसलेलं असायचं आणि पहिल्या तासाभरात बाह्या भिजून कोपरापर्यंत गार पडायच्या. मग ऊन चढलं की उसाची बारीक कुसळं घामात चिकटायची, मान खाजून लाल व्हायची. शाझली बुंध्याशी वाकून घाव घालायचा, बसीमा मागून शेंड्याचे हिरवे वाढे छाटून पाचट सोलायची, मोळ्या बांधायची. काकाचे उंट मोळ्या पाठीवर घेऊन छोट्या रेल्वेच्या रुळापर्यंत न्यायचे. तिथं कारखान्याच्या वाघिणी उभ्या असायच्या. उंट काकाचे, पंप शाझलीचा. बापाच्या वेळेपासून दोन्ही घरांचा हा व्यवहार होता.

उंटामागं काकाचा मुलगा रिफाई असायचा. धिप्पाड गडी, आवाजही तसाच. खलफ गेल्यावर रिफाईसाठी बसीमाला मागणी घालायची त्याच्या आईची, सकीना चुलतीची, इच्छा होती. ते जमलं नाही. तेव्हापासून रिफाईची जीभ तिखट झालेली.

"शाझली," तो उंट बसवता बसवता ओरडायचा, "दमलास काय रं? कुठल्या कामानं दमलास तेवढं सांग!"

तोडणारे हसायचे. एखादा म्हणायचा, "आरं, नवा नवरा हाय, जाऊ द्या त्याला." दुसरा म्हणायचा, "नवा हाय म्हणून तर न वापरता ठिवलाय." बसीमाच्या हातातला विळा क्षणभर थांबायचा आणि पुन्हा चालू व्हायचा. पण त्या दिवशी बांधलेल्या मोळ्या अशा करकचून आवळलेल्या असत की उंटावरून उतरवताना सुटता सुटत नसत.

गावातल्या चहावाल्यानं एकदा सिगारेटच्या चांदीत गुंडाळलेली निळी गोळी त्याच्या मुठीत सरकवली. "घे. मुडदासुद्धा उठंल." शाझलीनं ती घेतली. कानशिलं तापली, छाती धडधडली, नाक चोंदलं, आणि बाकी सगळं होतं तसंच. बसीमा त्याचा लाल चेहरा बघून घाबरली आणि लिंबाचं पाणी करून घेऊन आली.

शाझलीला लहानपणापासून एक खोड होती. काही बिघडलं की त्याला त्याचं कारण लागायचं. कैरोत भिंतीला तडा गेला तर मुकादम म्हणायचा 'लिंपून टाक', आणि हा पायाशी बसून माती उकरायचा. आताही तेच. लाजेनं मरायला झालं होतं हे खरं, पण लाजेच्या तळाशी एक प्रश्न गप्प बसत नव्हता. कारण पहाटे, बसीमा उठून गोठ्यात गेली की त्याला जाग यायची, आणि तेव्हा अंग अगदी ठीकठाक असायचं, तरण्या घोड्यासारखं. बाहेर तिची पावलं वाजली, दाराशी आली, की सगळं मावळायचं. हे काय गौडबंगाल आहे? जी वस्तू मोडलीय ती पहाटे कशी चालते?

---

आईनं पलीकडच्या गावातून शेख बोलावला. दुपारच्या नमाजानंतर तो आला, पितळी परातीत पाणी घेऊन त्यात बराच वेळ पुटपुटला, शाझलीच्या कपाळावर अंगठा दाबला आणि म्हणाला, "बांधलाय. निकाहाचे शब्द चालू असताना कुणीतरी दोऱ्याला गाठ मारलीय."

"कुणी?" आई पुढं सरकली.

शेखनं पाण्यात बघितलं. "घर मावळतीला. बाई. हातावर डाग."

आईनं छातीवर हात मारून घेतला. मावळतीला काकाचं घर. सकीनाच्या मनगटावर भट्टीच्या चटक्याचा डाग.

शाझलीच्या मनात आलं, भट्टीवर भाकरी भाजणाऱ्या कुठल्या बाईच्या हातावर डाग नाही? बसीमाच्या आहे. आईच्या तर तीन आहेत. पण त्यानं वेगळंच विचारलं.

"शेख, ही गाठ पहाटे सुटती काय?"

"म्हंजे?"

"म्हंजे पहाटे... असतंय सगळं. मग जातंय."

शेखनं दाढीवरून हात फिरवला. "पहाटे सैतान झोपतो."

"मग बायकू आत आली की उठतो काय त्यो? बरुबर तवाच?"

"शाझली!" आई कडाडली. शेखनं पाण्याची बाटली, धुपाची पुडी दिली आणि चहाही न घेता उठला.

संध्याकाळी कालव्यावर उम्म खलफनं सकीनाला गाठलं. दोघी जावा, तीस वर्षं एका भट्टीत भाकरी भाजलेल्या. "माझा एक मातीत घातला, दुसरा बांधून ठिवलास! दोरा कुटं पुरलास, सांग!" सकीनाला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती रडायला लागली आणि रडताना डागाचा हात पदराखाली लपवला, तर लोकांना तोच पुरावा वाटला. ओढाओढ झाली. दोन्हीकडचे गडी लांब काठ्या घेऊन धावले. एकाचं डोकं फुटलं.

दुसऱ्या दिवशी उंट आले नाहीत.

तोडलेला ऊस फडात आडवा पडून राहिला. तोडल्या उसाला ऊन लागलं की रस आटतो, वजन घटतं, कारखाना नाक मुरडतो. उंटांची वाट बघत शाझली बांधावर बसला. रुळावर वाघिणी रिकाम्या आल्या आणि रिकाम्याच पुढं गेल्या. काकानं निरोप पाठवला होता: बायकोवरचा आळ मागं घ्या, मग उंट. आईनं उलटा निरोप धाडला: गाठ सोडा, मग बोला.

---

पंपाचा पट्टा आणायला म्हणून शाझली मायक्रोबसनं तालुक्याला गेला. पट्टा घेतला. त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर पाटी होती: डॉ. मुरकुस, पुरुषांचे विकार. खालून तीनदा फेरी मारून तो वर चढला, पट्टा खांद्याला तसाच.

डॉक्टर म्हातारा कोप्ट ख्रिस्ती, जाड काचांच्या चष्म्याचा, हाताला साबणाचा वास. शाझलीनं भावजयीशी झालेलं लग्न आणि पुढची अडचण सांगितली, तेव्हा त्यानं ना हसून घेतलं ना कपाळाला आठी घातली. रक्त तपासलं, दाब मोजला, साखर बघितली, गुडघ्यावर हातोडी मारली, नीट तपासणी केली. मग हात धुवून खुर्चीत बसला.

"सिगारेट?"

"कवा तरी."

"पहाटे जाग येते तेव्हा कसं असतं?"

शाझली खुर्चीत सरळ झाला. इतक्या दिवसांत हे कुणी आपण होऊन विचारलं नव्हतं. "असतंय! तेच तर म्या शेखला विचारलं. पहाटे झकास असतंय डॉक्टरसाहेब. ती आली की जातंय."

"म्हणजे नळ्या ठीक, रक्त ठीक, नसा ठीक. बिघाड शरीरात दिसत नाही." डॉक्टरनं चष्मा पुसला. "मला सांग, त्या खोलीत तुम्ही किती जण असता?"

"किती? दोघं."

"नीट मोज."

शाझली हसणार होता, पण त्याला खोली दिसली. दार ओढलेलं, दारापलीकडं आई, तिच्या माळेचे मणी वाजतायत. पलंगावर खलफ त्याच्या नेहमीच्या कुशीवर. खिडकीत रिफाई आणि तोडणारे दात काढून. आणि एका कोपऱ्यात आणखी एक शाझली, हाताची घडी घालून, पलंगावरच्या शाझलीकडं बघत उभा: होतंय का? होतंय का? नाहीच ना?

"लई हायेत," तो म्हणाला.

"एवढ्या लोकांसमोर माझंही काही झालं नसतं," डॉक्टर म्हणाला. "झोप हुकमानं येते का? 'झोप, झोप' म्हटलं की उलट उडते. हेही तसंच. भ्यालेल्या माणसाचं अंग पळायची तयारी करतं, रक्त हातापायांत जातं. दुसऱ्या कामाला उरत नाही. मग एकदा फसलं की पुढच्या वेळी फसण्याचीच भीती, आणि भीतीनं पुन्हा फसतं."

"मग गाठ?"

"गाठ आहे की. पण दोऱ्याला नाही. आणि तुझ्या भावजयीशी..."

"बायकूशी."

डॉक्टरनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "इथं आल्यापासून आत्ता तू पहिल्यांदा तिला बायको म्हणालास. बरं, त्या बायकोला घेऊन ये. एकट्याला औषध देऊन चालायचं नाही. आणि चहावाल्याची गोळी पुन्हा घेऊ नकोस. लागली तर मी देईन, तपासून."

---

बसीमा म्हशीपुढं वाढे टाकत होती. शाझलीनं गव्हाणीला टेकून सगळं सांगितलं, अडखळत, मधेच थांबून. त्याला वाटलं होतं, ती तोंड झाकून आत निघून जाईल. ती वाढे तसेच हातात धरून ऐकत राहिली. म्हशीनं ते तिच्या हातातूनच ओढून खायला सुरुवात केली.

"म्हंजे माझ्यामुळं न्हाई?" ती म्हणाली.

"तुझ्यामुळं? कसं काय?"

"मला वाटलं, म्या म्हातारी दिसती तुला. एक लेकरू झालेली बाई. रोज सकाळी परातीच्या पाण्यात तोंड बघत हुते." तिनं डोळे पुसले, मग एकदम तडकून म्हणाली, "आन् तू एवढे दिस भिताडाकडं तोंड करून निजलास! एक शब्द बोलला असतास तर काय जीभ झडली असती?"

"तूच 'भाऊ' म्हनालीस."

"म्हनाले! चुकून म्हनाले! मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं." आणि मग, काय झालं कुणास ठाऊक, तिला हसू फुटलं. नाकातून, आवरत नव्हतं तसं. शाझलीलाही आलं. म्हैस दचकून मागं सरली.

शूकच्या खोकल्याचं निमित्त करून ती त्याच्याबरोबर तालुक्याला गेली. डॉक्टरपुढं बसीमानं अंग चोरलं नाही. "साहेब, म्या काय करायचं ते सांगा. आन् ह्यो घाबरतोय हे मला बाहेरनं कसं कळंल, तेबी सांगा."

डॉक्टरनं सांगितलं ते दोघांनाही विचित्र वाटलं. महिनाभर प्रयत्न करायचाच नाही. मनाई.

"हराम?" शाझलीनं विचारलं.

"माझ्या दवाखान्यापुरतं हराम. फक्त हात लावायचा. आधी हात, पाठ, पाय, केस. आज एकानं, उद्या दुसऱ्यानं. काय बरं वाटलं ते तोंडानं सांगायचं, काय नाही तेही. त्याच्यापुढं जायचं नाही, मन झालं तरी."

"आन् पलंग?" बसीमानं विचारलं.

"कुठला पलंग?"

"त्येचाच हाय. खलफचा."

डॉक्टरनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "त्याच्याबद्दल तुम्ही दोघं कधी बोललात?"

बसीमानं शाझलीकडं पाहिलं, शाझलीनं आपल्या वहाणांकडं.

---

पलंग सुटा करून त्यांनी कोठीत ठेवला. आई म्हणाली, "काय चालवलंय?" बसीमा म्हणाली, "ढेकूण झालेत." जमिनीवर चटई आली, तीही खिडकीच्या बाजूला.

दुपारी ऊन रणरणायला लागलं की सगळं गाव तासभर आडवं व्हायचं. त्या तासात दोघं चटईवर बसायची. पहिल्या दिवशी शाझलीनं तिचे हात हातात घेतले. पाचटानं कापलेले, बोटांच्या पेरांत काळा चीक बसलेला. त्यानं तेल लावलं. एकेक बोट, मग तळवा. कुठं खरबरीत, कुठं अजून मऊ, हे तो कुतूहलानं बघत गेला. भावजयीचे हात त्यानं सात वर्षं भाकरी वाढताना पाहिले होते आणि एकदाही पाहिले नव्हते.

"बरं वाटतंय?"

"हितं न्हाई, कुसळ हाय तितं. हां, हितं."

दुसऱ्या दिवशी तिनं त्याची पाठ चोळली. मनाई होती म्हणून भ्यायला कारण नव्हतं. काही करायचंच नव्हतं तर फसणार काय? चौथ्या-पाचव्या दिवशी तिची बोटं मानेवर आली आणि त्याच्या लक्षात आलं, कोपऱ्यातला तो दुसरा शाझली आज आलेलाच नाही. लक्षात येताच तो आला. पण उशिरा आला, आणि दाराशीच उभा राहिला.

मग एकदा बसीमा खलफबद्दल बोलली. तो झोपेत दात खायचा. शूक झाली तेव्हा मुलगी म्हणून हिरमुसला आणि संध्याकाळपर्यंत तिला कडेवरून खाली ठेवीना. वाघिणीखालून काढला तेव्हा एका पायात वहाण होती, दुसरी तिला कधी सापडली नाही. शाझली ऐकत होता. भाऊ गेल्याची बातमी त्याला कैरोत फोनवर कळली होती, येईपर्यंत माती झालेली. तो पोटात पाय घेऊन रडला, मोठ्यानं, आणि तिनं त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "त्येला बी पयल्यांदा जमलं न्हवतं."

"कुणाला?"

"खलफला. चार दिस. पांघरुणात तोंड घालून बसायचा."

शाझली उठून बसला. खलफ? जो एका हातानं उसाची मोळी उंटावर फेकायचा? "खरं सांगतीस, का मला बरं वाटावं म्हनून?"

"तुला काय वाटायचं ते वाटू दे. म्या सांगितलं."

तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. खलफ खरंच पांघरुणात तोंड घालून बसला होता का, हे आता जगात एकट्या बसीमालाच माहीत होतं, आणि ती शांतपणे त्याच्या खांद्याला तेल चोळत होती.

---

भांडण मिटवायला बैठक बसली ती शुक्रवारी. हाज्ज मुनीर गावचा जुना जाणता माणूस, त्याच्या ओसरीवर. एकीकडं काका अब्दुल-मौजूद आणि रिफाई, दुसरीकडं शाझली आणि त्याच्या आईचे भाऊ. आई दाराआड. सकीना दुसऱ्या दाराआड, तिचं हुंदकणं बाहेर ऐकू येत होतं. फडात ऊस वाळत होता आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं.

हाज्ज मुनीर म्हणाला, "सकीनानं कुराणावर हात ठेवून सांगावं. म्हणजे मिटलं."

अब्दुल-मौजूद पुढं सरकला. "पन्नास वर्षांची बाई, हाज्ज. शपथ घेतली तरी बाया म्हनतील खोटी घेतली. न्हाई घेतली तर चोर. तिनं जीव द्यावा काय?"

"मग दोरा दाखवा," शाझलीचा मामा म्हणाला.

काठ्या भिंतीला टेकलेल्या होत्या. कुणीतरी आपली काठी हाताशी ओढून घेतली, तिचा फरशीवर आवाज झाला.

शाझलीला वाटलं आपण बसूनच बोलू. पण तो उठला होता.

"चुलतीनं काय केलं न्हाई," तो म्हणाला. "कुणीच न्हाई केलं. मला कुणी बांधलेलं न्हाई."

"मग झालंय काय तुला?" रिफाईनं विचारलं. हसत विचारलं, पण शेवटाकडं हसू ढिलं पडलं.

"भ्या वाटतं."

शाझलीनं भिंतीला टेकलेल्या काठ्यांकडं पाहिलं आणि पुढं बोलत गेला.

"खलफच्या खोलीत जायचं भ्या वाटत हुतं. न्हाई जमलं तर, ह्येचं वाटत हुतं. तू फडात हसतोस त्येचं बी वाटत हुतं, रिफाई. डॉक्टरला दाखवलंय. अंग चांगलं हाय, मन भ्यालेलं हाय. त्येच्यावर इलाज असतोय, चालू हाय. दोरा शोधू नका. दोरा न्हाई."

कान पेटले होते. पण एकदा बोलून गेल्यावर त्याला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं: कुणीच हसलं नाही. दोघंतिघं तर एकदम आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडं बघायला लागले होते. दाराआड आईचा एक हुंकार आला, जणू कुणी पोटात बुक्की मारली. मामानं तोंड फिरवलं.

अब्दुल-मौजूद उठला. शाझलीच्या समोर येऊन उभा राहिला, त्याच्याकडं वर बघत, कारण म्हातारपणानं तो स्वतः आता वाकला होता. मग मागं वळून म्हणाला, "रिफाई, ऊठ. उंट सोड."

आई दोन दिवस शाझलीशी बोलली नाही. "चार माणसांत अब्रू वेशीवर टांगलीस," एवढंच म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिनं उन्हात फुगवून भाजलेल्या गरम शम्सी भाकरी फडक्यात बांधल्या आणि मावळतीच्या घराकडं गेली. दारातून परत फिरली. पुन्हा गेली. आत काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही, पण संध्याकाळी दोघी एका भट्टीपुढं बसलेल्या दिसल्या, एकमेकींकडं न बघता पीठ मळत.

रिफाई उंट घेऊन आला. वाळलेला ऊस वजनाला बराच हलका भरला, तरी गेला. रिफाई आता टोमणे मारत नव्हता, हे शाझलीला टोमण्यांपेक्षा अवघड वाटायचं. मोळ्या चढवताना एकदा दोघांची डोकी एकमेकांवर आदळली. "डोळे फुटले काय रं?" रिफाई खेकसला, आणि दोघांनाही बरं वाटलं.

कालव्यावर हाज्ज मुनीरनं त्याला एकटं गाठलं. आधी पाण्याबद्दल बोलला, मग खोडव्याच्या उसाबद्दल. मग घसा खाकरून म्हणाला, "त्यो तुझा डॉक्टर. बसतो कुटं? माझा एक मित्र हाय, त्येला पायजे."

"वय काय मित्राचं?"

"हां... माझ्याएवढंच."

"त्येला म्हनावं, रक्तातली साखर आधी तपासून घे. आन् पहाटे कसं असतंय ते ध्यानात ठिव. डॉक्टर तेच पयलं विचारतो."

हाज्ज मुनीर गंभीरपणे विचार करत राहिला, हिशोब जुळवणाऱ्या माणसासारखा. "पहाटे," तो पुटपुटला, आणि नमाजाआधीच्या वजूसाठी पाण्याशी बसला.

---

महिना पुरा झाला नाही. शेवटची वाघीण भरून गेली त्या दुपारी आई शूकला घेऊन सकीनाकडं गेली होती. घरात पाचटाचा वास, अंगावर उसाचा चीक, दोघं एवढी दमलेली की आंघोळीचंही त्राण नव्हतं. बसीमा त्याच्या केसांतली कुसळं काढत होती. कुणीच काही ठरवलं नव्हतं. बऱ्याच पुढं गेल्यावर शाझली म्हणाला, "डॉक्टरनं मनाई केलीय." बसीमा म्हणाली, "डॉक्टर तालुक्याला हाय." मग शाझलीच्या डोक्यात कुणीच उरलं नाही, तो स्वतःसुद्धा नाही.

नंतर ती छताकडं बघत हसत पडली होती. त्याला मात्र ताबडतोब विचारायचं होतं की नेमकं काय वेगळं झालं, कुठून सुरू झालं, आणि तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणाला, "मनाई मोडणारे रोगी मला आवडतात. पण पुन्हा कधी नाही जमलं, तर दार बंद करून बसू नका."

आणि तसं झालंच. नव्या लागणीचं बेणं टाकत होते त्या दिवसांत, एका दुपारी, पंप बंद पडून पाण्याची पाळी हुकली होती आणि काकाशी थोडं वाजलं होतं, तेव्हा नाही जमलं. शाझली उताणा झाला. पोटातला गोळा उठण्याची तो वाट बघत राहिला. उठला, पण छातीपर्यंत आला नाही.

"न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई तर न्हाई," बसीमा म्हणाली. तिनं कूस बदलली आणि कोपरावर डोकं टेकवलं. "काका काय म्हनाला?"

"म्हनाला, उद्या पहाटे त्येच्या फडाला आधी पानी द्यायचं."

"मग?"

"मग म्या म्हनालो, पंप माझा. तर म्हनतो, उंट कुनाचे? मग रिफाई मधी पडला. म्हनाला, दोघंबी गप बसा, म्या ईन रात्री पान्याचा वॉल सोडायला. त्येला वॉल सोडायचं कळतंय काय, तू सांग. गेल्या खेपेला त्येनं..."

वाक्य तिथंच थांबलं. बसीमानं मान वर करून बघितलं. शाझलीचं तोंड अर्धवट उघडं होतं, एक हात तिच्या मनगटावर, आणि तो गाढ झोपला होता.